तो दगड किती उंच होता

तो दगड मीच काढला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मनात धाकधूक राहणार नाही.

बेळगावात बाजाराच्या एका कोपऱ्यावर आमचं फुटपाथचं काम चाललं होतं. जुना उखडलेला फुटपाथ काढायचा, गटार नीट करायची, वर नवीन पेव्हर बसवायचे. आणि कोपऱ्यावर रॅम्प करायचा, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचं माणूस, लेकराची गाडी, काठी टेकत चालणारं म्हातारं, कुणालाही न अडखळता रस्त्यावरून वर येता यावं. मी गवंडी आहे. नकाशातली इंग्रजी अक्षरं मला लागत नाहीत, आकडे लागतात. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. आकड्यांवर आणि रेघांवर माझं भागतं. जिथं भागत नाही तिथं मी मान हलवतो आणि नंतर कुणाला तरी हळूच विचारून घेतो.

त्या कोपऱ्यावर तीन दगड होते. दोन उभे पुरलेले आणि त्यांच्यावर एक आडवा, सातेक फूट लांब, काळा. नकाशात ते नव्हते. मी मुकादमाला विचारलं, "ह्याचं काय करायचं?"

"नकाशात हाय काय?"

"न्हाई दिसत."

"मग काढ की. इचारतोस काय?"

काढायच्या आधी मी त्याच्यावर बसून बघितलं. चढताना धडपडलो आणि वर बसल्यावर पाय लोंबकळत राहिले. बाक म्हणावा तर फारच उंच. दाराची चौकट म्हणावी तर फार बुटकी. देवाचं म्हणावं तर शेंदूर नाही, हळद नाही. मी हिंगोलीकडचा. आमच्याकडं असलं काही मी पाहिलेलं नव्हतं. आमचा कापूस गाडीतून जातो, बायका डोक्यावर आणतात ते सरपण, आणि ते अंगणात आणून धाडकन टाकलं तरी काही बिघडत नाही. मुकादमानं माझा तसा लोंबकळत्या पायांचा फोटो काढला आणि सगळ्यांना दाखवून हसला. मग जेसीबी आला. आडवा दगड उचलताना पट्टा सटकला, दगड खाली आला आणि त्याचे दोन तुकडे झाले, एक मोठा, एक लहान. दुपारपर्यंत तिन्ही दगड डबराबरोबर ट्रॅक्टरमधून गेले. काम स्वच्छ दिसलं म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बायका टेम्पोतून उतरून एकामागं एक चालत आल्या. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भाजीची बुट्टी. पुढं एक वयस्कर बाई होती. तिच्या बुट्टीत रताळी होती, म्हणजे सगळ्यात जड ओझं तिचंच. ती कोपऱ्यावर आली, न बघताच अंगाची गिरकी घेतली, गुडघे थोडे वाकवले, दोन्ही हात बुट्टीला लावले आणि तशीच थांबली.

"दगूड कुठाय?" ती म्हणाली.

मागची म्हणाली, "आक्का, सरक की. मान मोडाय लागली."

"कुठं सरकू? दगूडच न्हाय."

"न्हाय म्हंजे? पळून गेला काय?"

"तुझ्या नवऱ्यासंगट गेला असंल," तिसरी म्हणाली.

"हसवू नगंस गं, पडंल सगळं!"

आणि त्या सहाजणी तशाच उभ्या राहिल्या. मला आधी कळेचना की या खाली का ठेवत नाहीत. मग लक्षात आलं. जिच्या डोक्यावर ओझं आहे तिला दुसरीच्या डोक्यावरचं उतरवता येत नाही. एवढं वजन एकटीनं जमिनीपर्यंत आणायचं तर एकतर गुडघे जातात, नाहीतर भाजी जाते. बारा हात होते, पण सगळे वर गुंतलेले. मोकळे हात फक्त माझे होते.

"ए बाबा, बघत काय उभारलाईस? हात लाव की!"

मी धावलो. एकेकीची बुट्टी उतरवून घेतली. पहिली उतरली तशी तिचे हात मोकळे झाले आणि पुढच्या भराभर उतरल्या. शेवटी आक्का राहिली. मी हात पुढं केले तशी ती दोन पावलं मागं सरकली.

"मला नगं."

"मावशी, जड हाय."

"नगं म्हटलं न्हवं? हात मागं घे."

ती भिंतीकडं गेली, भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसायला लागली. अर्ध्यात गुडघा वळला आणि बुट्टी कलंडली. रताळी माझ्या नुकत्याच चाळलेल्या वाळूत गडगडत गेली. मी वेचून दिली. ती पदरानं एकेक पुसून परत रचत राहिली.

त्या दिवशी दगड काढणाऱ्याचा जो उद्धार झाला तो मी चार हातांवर बसून ऐकला. एकीनं म्हटलं, "ज्यानं काढला त्याच्या डोस्क्यावर कुणीतरी लई ओझं द्यावं आणि उतरवायला कोण नसावं." मी फरशी घासायचं नाटक करत होतो. दुपारी आक्कानंच मला हाक मारली. जेवणाच्या वेळी मी पाव आणि चहा घेऊन बसलो होतो, ते तिला बघवलं नाही.

"कुठला तू?"

"हिंगोलीकडचा."

"ते कुठं आलं?"

मी सांगितलं, रेल्वेनं आणि बसनं मिळून एक पूर्ण दिवस लागतो.

"एवढ्या लांब आलास आणि पाव खातोस? घे." तिनं अर्धी भाकरी आणि त्यावर मेथीची भाजी माझ्या हातावर ठेवली. घर सोडल्यापासून हाताची भाकरी मी खाल्ली नव्हती. घास गिळत होतो आणि मनात म्हणत होतो, हिला कळलं तर?

मी मुळातच घाबरट आहे. आधारकार्डाची झेरॉक्स माझ्या दोन खिशांत दोन असते. फोन वाजला की आधी घरी काही झालं का असंच वाटतं. कन्नड येत नाही म्हणून दुकानात मी आधी वस्तूकडं बोट करतो आणि मग बोलतो, आणि दुकानदार बहुतेक वेळा मराठीतच उत्तर देतो. असा माणूस, आणि त्यानं सहा बायकांचा दगड फोडलेला. भाकरी मात्र पूर्ण खाल्ली.

पुढच्या दिवशी आक्का अर्धीच बुट्टी घेऊन आली. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. बाकीच्या पाचजणी एकमेकींना हात लावत, मी मदतीला असेच. पण आक्का कुणाला जवळ येऊ देत नव्हती. सकाळी भिंतीला घासत खाली बसायची. दुपारी उरलेली भाजी घेऊन गल्ल्यांत फिरायला निघायची तेव्हा तर मला बघवत नसे. बुट्टी आधी मांडीवर, मग गुडघ्यावर, मग एका दणक्यात डोक्यावर. गल्लीत गेल्यावर तिची अडचण नव्हती, तिथं घरांच्या कंपाउंडच्या भिंती असतात. गावात टेम्पोच्या हौद्यावर ओझं सरळ टेकवता येतं आणि इथं उतरल्यावर तिथूनच डोक्यावर घेता येतं. अडायचं ते फक्त या कोपऱ्यावर.

मी त्यातल्या एकीला विचारलं, "आक्का हात का लावू देत न्हाई?"

"पोराला शबूद दिलाय तिनं," ती म्हणाली.

आक्काचा मुलगा बंगळूरला नोकरीला. चांगली नोकरी, खुर्चीवरची. आईनं या वयात भाजी विकू नये असं त्याचं म्हणणं. भांडण झालं, रुसवा झाला आणि शेवटी असं ठरलं, की ज्या दिवशी तुला बुट्टी उचलाय-ठेवाय दुसरं माणूस लागंल, त्या दिवशी धंदा बंद. तो दर रविवारी फोन करून विचारतो आणि ती खरं तेच सांगते.

"मग खोटं सांगायचं," मी म्हणालो.

"तू सांगून बघ तिला." ती बाई माझ्याकडं बघून हसली. "तुझीच भाजी करील."

म्हणजे दगडामुळंच ती तो शब्द देऊ शकली होती. आणि दगड मी ट्रॅक्टरमध्ये टाकला होता. शेवटी बुट्टी इतकी लहान होईल की यायचा अर्थच उरणार नाही. तसं झालं तर मुलाला काही विचारायचीही गरज नव्हती.

कामावर देखरेखीला एक इंजिनिअर मॅडम येत. तरुण, निपाणीच्या. फोनवर वरच्या साहेबांशी "हौदु, हौदु सर", म्हणजे हो हो सर, असं म्हणत कन्नड बोलायच्या आणि फोन ठेवला की आमच्याशी मराठी. मी दोन दिवस शब्द जुळवले आणि त्या आल्यावर एवढंच म्हणालो, "मॅडम, इथं एक दगड होता. बाया त्याच्यावर बुट्ट्या टेकवायच्या. तो गेलाय."

"कुठं गेला?"

"कामात."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग बायकांकडं. आक्काकडं जरा जास्त वेळ.

"किती उंच होता?"

मी त्यावर बसलो होतो, तो काढला होता, पण मोजला नव्हता.

"रॅम्पचं काँक्रीट सोमवारी पडणार," त्या म्हणाल्या. "एकदा पडलं की मी काही करू शकत नाही. त्याच्या आत मला आकडा द्या. आकडा असला तर कागदावर घेता येतं. 'एक दगड होता' हे कागदावर घेता येत नाही."

तो बुधवार होता.

आता मला छंदच लागला. तो दगड किती उंच होता? मी दिसेल त्याला विचारू लागलो. समोरच्या चहावाल्यानं छातीवर हात ठेवला. हमालानं पोटावर. टेम्पोवाला म्हणाला, "खांद्याला लागायचा बघ." एका बाईनं हनुवटीखाली हात धरला आणि दुसरीनं तिला ढकललं, "अगं तू बुटकी म्हणून!" सगळे खरंच बोलत होते, फक्त प्रत्येकजण आपल्याच अंगावर मोजत होता. आणि विचारता विचारता भलतंच कळत गेलं. हमाल तिथं पाठीवरचं पोतं टेकवून घाम पुसायचा. शेजारच्या बँकेत येणारा कुबड्यांवरचा एक माणूस तिथं रेलून उभा राहायचा, कारण बाकावर बसलं की त्याला उठता येत नाही. एक बाई म्हणाली, पोटुशी होती तेव्हा ती रोज तिथं पाठ टेकायची. आणि मी त्याच दगडावर बसून ठरवलं होतं की हा कुणाच्याच कामाचा नाही.

मुकादमाच्या फोनमधला फोटो मागून घेतला. "आवडला काय तुझाच फोटो?" तो म्हणाला. फोटोत माझे पाय जमिनीपासून दीडेक हात वर होते. मी तेवढ्याच उंचीवर बसून बघायला गच्चीच्या कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळीकडं चढून पाहिलं. पण फोटो तिरका होता. नक्की आकडा काही निघेना.

मग ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. डबर हिंडलग्याच्या वाटेवर एका खोलगट जागेत टाकलं होतं. शुक्रवारी दुपारची सुट्टी घेऊन गेलो. ढिगावर चढलो, उतरलो, हातानं विटांचे तुकडे बाजूला केले. आडव्या दगडाचा मोठा तुकडा आधी सापडला. त्याची वरची बाजू इतकी गुळगुळीत होती की धूळही नीट बसत नव्हती. कडा मात्र खरबरीत. बुट्ट्यांची बुडं घासून घासून तो तसा झाला होता. लहान तुकडा जवळच होता. उभे दगड खाली दबले होते. त्यातला एक मी पहारीनं उलटा केला आणि बघतो तर त्याच्यावर दोन रेघा.

खालची रेघ तांबड्या मातीची, तिच्याखाली दगड तांबूस. वरची रेघ डांबराची, काळी, चिकट. दोन्हींच्या मध्ये सात इंच. टेपनं तीनदा मोजलं. खालच्या रेघेपासून वर, आडव्या दगडाची जाडी धरून, साडेचार फूट. वरच्या रेघेपासून चार फुटांना एक इंच कमी.

एकाच दगडाला दोन उंच्या कशा? परत कोपऱ्यावर येईपर्यंत डोक्यात तेवढंच. गटारीसाठी खणलेला चर अजून उघडा होता. त्यात उतरलो आणि रस्त्याची कापलेली बाजू पाहिली. डांबराचे थर दिसत होते, एकावर एक, मध्ये खडी, परत डांबर. आणि सगळ्यांच्या खाली तांबडी माती. थर मोजले तर सात इंच भरले. दर वेळी रस्ता केला, की जुना न काढता वरून नवा थर टाकला. रस्ता चढत गेला आणि दगड तिथंच राहिला. म्हणजे दगड दर काही वर्षांनी बोटभर बुटका होत गेला.

मग आक्काला तो आजपर्यंत पुरला कसा? तरुणपणी तिला चार फुटांचा दगड नक्कीच कमी पडला असता.

शनिवारी सकाळी मी विटेचा एक तुकडा घेतला आणि बायकांना बंद दुकानाच्या भिंतीला उभं राहायला सांगितलं.

"कशाला?"

"खांदा मोजायचाय."

"अगं बाई, पोरगी बघाय आलाय ह्यो!"

"मला न्हाय पसंत. लई लांबचा हाय."

"खांदाच मोजतोय न्हवं? मोजू द्या. माझा नवरा आजपातूर तेबी मोजला न्हाय."

हसत खिदळत पाचही उभ्या राहिल्या. भिंतीवर पाच रेघा आल्या. साडेचार फुटांच्या आसपास बहुतेक, एक दोन बोटं इकडं तिकडं. शेवटी आक्का आली. पाठ भिंतीला नीट टेकत नव्हती, मधे बाक होता. मी रेघ मारली आणि टेप लावली. चार फुटांना थोडीशी जास्त. तिला खांद्यापेक्षा जरा खाली दगड लागतो, म्हणजे तिचा आकडा बरोबर वरच्या रेघेचा. रस्ता चढत गेला तसा दगड उतरत गेला, आणि ती वाकत गेली तशी तीही. दोघांचं आपोआप जमत राहिलं होतं. हे मला एवढं नवल वाटलं की माझ्या तोंडून निघून गेलं.

"आक्का, दगडाला दोन रेघा हायत. मी पाहिल्यात. तो दगड मीच काढला."

बाकीच्या आक्काकडं बघू लागल्या.

"ठावं हाय मला," आक्का म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दगूड कुठाय म्हटलं तर सगळी इकडंतिकडं बघाय लागली. तू तेवढा खाली बघितलास."

"आणि तरी भाकरी दिली?"

"भाकरीचा आणि दगडाचा काय संबंध?" ती म्हणाली. मग भिंतीवरच्या आपल्या रेघेवर बोट ठेवून बघत राहिली. "एवढी झालो व्हय मी."

दुपारी मॅडम आल्या. मी दोन्ही आकडे सांगितले. मुकादम शेजारी होता, तो म्हणाला, "मॅडम, ह्याचं ऐकू नका. चार दिवस झालं ह्यो बायकांची मापं घेत फिरतोय. टेलर व्हायला पायजे हुता."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आक्काला विचारलं, "आक्का, हा दगड कुणी बसवला?"

"ते न्हाय ठावं. माझी आय यायची तवापासनं हाय. तवा आमाला हात लावाय कोण यायचं न्हाय. बुट्टी शिवली तर इटाळ व्हायचा. आतली भाजी खाल्ली तर न्हाय व्हायचा. आय म्हणायची, आपलं दगूड हाय न्हवं, बास."

मॅडमनी हातातली फाइल बंद केली. "माझी आजी निपाणीत तंबाखूचे बोजे वाहायची," त्या म्हणाल्या, आणि नंतर लगेच कामाचं बोलू लागल्या, जरा जास्तच भरभर. कोपऱ्यावर उंच भिंत बांधता येणार नाही, वळणाऱ्या गाड्यांना पलीकडचं माणूस दिसलं पाहिजे. फुटपाथवर मध्येच काही ठेवता येणार नाही, खुर्चीवाल्याची वाट अडेल. आणि दोन आकड्यांतला एकच घेता येईल. "साडेचार घेतला तर आक्काला जमणार नाही. चार घेतला तर बाकीच्यांना वाकावं लागेल. कुठला घेऊ?"

कुठलाही घेतला तरी कुणीतरी सुटत होतं. मी रॅम्पच्या जागेकडं बघत होतो. नऊ फुटांची उतरण, नऊ इंच चढ, दोऱ्या बांधून झाल्या होत्या. रॅम्पच्या कडेला हाताला धरायचा पाइप येणार होता आणि त्याला खांब लागणारच होते. आयुष्यभर मला हेच शिकवलेलं, की उताराच्या कडेचं काम उतारासारखंच उतरतं करायचं. नाहीतर वाकडं दिसतं.

"मॅडम," मी म्हणालो, "रॅम्प चढता. दगड लेव्हलमधी."

"म्हणजे?"

मी वाळूवर काढून दाखवलं. खाली चढती रेघ, वर सरळ रेघ. "वरचं सरळ ठिवायचं. खालची जमीन चढंल. ह्या टोकाला साडेचार, त्या टोकाला चारला इंच कमी. ज्याला जे जमंल तिथं त्यानं टेकवावं. तुकडे दोन झालेत, तर खांब तीन घ्यायचे. जोड मधल्या खांबावर येईल. खाली मोकळंच राहतं, गाडीवाल्याला पलीकडचं दिसंल."

मुकादम म्हणाला, "वाकडं दिसंल की रं ते."

मॅडम वाळूवरच्या रेघांकडं बघत होत्या. सात फुटांत सात इंच. त्यांनी फोनवर हिशेब करून बघितला, दोनदा. मग फोन लावला आणि बाजूला जाऊन कन्नडमध्ये बराच वेळ बोलल्या. मला त्यातलं फक्त "रॅम्प" आणि "हौदु" कळलं. त्या परत आल्या तेव्हा मला वाटलं, आता विचारतील, दगड काढायला तुला कुणी सांगितलं होतं.

"नवीन ग्रॅनाइट मागवू का?" त्या म्हणाल्या.

"जुनाच आणतो," मी म्हणालो. "तो घासलेला हाय."

रविवारी ट्रॅक्टर मिळाला. तुकडे आणले, धुतले. मुकादम बडबड करत आला, पण चेन त्यानंच बांधली, आणि या वेळी पट्टा दोनदा तपासला. सोमवारी रॅम्पच्या काँक्रीटबरोबरच तिन्ही खांब भरले. ते पक्के व्हायला दिवस लागतात. तेवढे दिवस आक्काची बुट्टी लहानच होती. मधल्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा काय बोलणं झालं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. पण ती येत होती.

दगड बसवायच्या दिवशी मी लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून तो दोन्ही टोकांना धरला. एका टोकाला मी, दुसऱ्याला मुकादम. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच रेघेवर येऊन थांबलं. खाली रॅम्प चढत होता आणि वर दगड सरळ. दुरून खरंच वाकडं दिसत होतं. दोन तुकड्यांचा जोड मी सिमेंटनं भरला आणि वरून ओल्या पोत्यानं घासून घेतला, बुट्टीचं बूड अडकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. सहाजणी एकामागं एक. आक्का पुढं, आणि तिच्या डोक्यावर बुट्टी काठोकाठ भरलेली, रताळ्यांची. आदल्या दिवशी दगड बसताना ती बघतच होती.

बाकीच्या खालच्या टोकाला थांबल्या. आक्का रॅम्प चढत वरच्या टोकाकडं गेली. मी तिथंच उभा होतो. तिनं गिरकी घेतली, गुडघे वाकवले. बुट्टी डोक्यावरून सरकू लागली आणि माझे हात आपोआप पुढं गेले.

"हात मागं," ती म्हणाली. न बघताच.

मी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

बुट्टी दगडावर टेकली. आवाज झाला नाही, रताळी जागची हलली नाहीत. तिनं चुंबळ काढली, मानेवर हात फिरवला, दगडावरून बोटं फिरवत जोडापर्यंत गेली आणि तिथं थांबली.

"हितं फुटलाय व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

खालच्या टोकाहून कुणीतरी ओरडलं, "आक्का, झालं काय? का अजून दगूडच बघत बसणार?"

तिनं चुंबळ झटकली आणि कमरेला खोचली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम कोपऱ्यावरच रेंगाळत होतो. तिचा फोन वाजला, तिनं तो कानाला लावला आणि दगडाला पाठ टेकून उभी राहिली. "न्हाय," ती म्हणत होती. "कोण न्हाय लागलं. न्हाय म्हटलं न्हवं? येकटीनंच." मग माझ्याकडं बघून तिनं हातानंच खूण केली, की इकडं ये, भाकरी काढलीय.